वरून एक बैलजोडी

मंगरूळपीरच्या बाजारात लोक मला विचारायचे, "बाई, भाव करायचा हा हात कुठून आला तुमच्याकडं?" मी सांगायची, बापाकडून. ते खोटं नव्हतं. कोणत्या जगातल्या बापाकडून, हे कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं. धंद्यात माणसानं आपली खरेदी कुठली ते बोलू नये. आता गुडघे गेले. बकऱ्यांचा धंदा पोरं बघतात. मोबाइलवर बकरीचा फोटो पाठवतात आणि समोरचा तिला हातही न लावता हो म्हणतो. असल्या सौद्याला मी सौदा म्हणत नाही. मला घरी बसवलंय, आणि बसल्या बसल्या डोक्यात जे उकळतं ते इथं ओतते आहे. पटलं तर घ्या. नाही पटलं तर पुढच्या दुकानात जा, मी कुणाचा हात धरून बसवणार नाही.

माझा जन्म आसेगावचा. तुमच्या आसेगावचा नाही. तुमच्यासारखंच दुसरं एक आसेगाव आहे, तशाच काळ्या मातीत, तशाच लिंबांखाली, तशाच भांडणांचं. फरक थोडे. आमच्याकडं मंगरूळपीरला रेल्वे येत होती. आमच्याकडं ट्रॅक्टर फार आधी आले. तुमच्याकडं घरोघरी औताला बैल जुंपत होते, तेव्हा आमच्याकडं बैलाला कुणी विचारत नव्हतं. बाकी मंगरूळपीरचा दर्गा दोन्हीकडं जागच्या जागी आहे, आणि रिठद गावचं गिऱ्हाईक दोन्हीकडं भावात सारखंच चिवट.

माझा बाप बैलांचा दलाल होता. घर गावाच्या टोकाला, दोन खोल्यांचं, आणि मागं घरापेक्षा मोठा गोठा. गोठ्याचं छप्पर कधी गळलं नाही, घराचं गळायचं. का, असं मी एकदा विचारलं तेव्हा बाबा म्हणाला, "घरातलं कोन इकाचं हाय?" सकाळी जाग यायची ती मायच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं. तो आवाज परातीत आधी मऊ यायचा आणि भाकर मोठी होत गेली की पसरट व्हायचा. डोळे मिटूनही मला कळायचं की ही आता तव्यावर जाणार. पाठोपाठ गोठ्यातल्या घंटा. जेवायला ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी, तीवर कच्चं तेल आणि मिरचीचा ठेचा. बाजार चांगला झाला की बाबा गोवऱ्या पेटवून स्वतः रोडगे भाजायचा, राख झटकून पहिला रोडगा गजूला द्यायचा आणि दुसरा मला. गजू माझा धाकटा भाऊ. पहिला रोडगा त्याला का, याचा मला तेव्हा राग येत नव्हता. राग मी नंतर साठवला, आणि साठवणीत मी पक्की आहे.

आमच्या बाजारात भाव तोंडानं होत नसे. देणारा आणि घेणारा समोरासमोर उकिडवे बसायचे, हातांवर दुपट्टा टाकायचा आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव सांगायचे. वरून दोघं पाऊसपाण्याच्या गप्पा मारताहेत असं वाटायचं. बोटं दिसत नसत, पण कोपर दिसायचं. बाबाच्या शेजारी बसून बसून मला त्याचं कोपर वाचता येऊ लागलं: मागं आलं की नाही म्हणतोय, पुढं गेलं की वाढवून देतोय, आणि सैल सुटलं की झालं. ही विद्या मला कुणी शिकवली नाही. मी ती चोरली.

गजू सापानं गेला, गोठ्यातच. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. पण त्यानंतर मायचा भाकरीचा आवाज बदलला. ती मध्येच थांबायची, पीठ हातावर तसंच. चार माणसांच्या भाकरी करायची आणि चौथ्याची गोठ्याच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवायची. कुत्रं खाऊन जायचं, ती दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवायची. माझ्याशी बोलायची ती फक्त "पाणी आण" आणि "लाकडं आण" एवढंच. मी समोर असले की तिची नजर माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर जायची. बाबानं देवऋषी पाहिले, डॉक्टर पाहिला. शेवटी त्यानं त्याला जे येत होतं ते केलं.

आता पुलिया सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. गावाबाहेर, शिवाराच्या मधोमध, ओढ्यावर तीन गाळ्यांची एक दगडी पुलिया, म्हणजे लहानसा पूल, होती. वर रस्ता नव्हता. रस्ता होणार म्हणून सरकारनं आधी पुलिया बांधली आणि मग रस्ता दुसरीकडून नेला. त्यामुळं तिच्या वाट्याला कुणी जात नसे, ढोरं सोडून. गजू असतानाच एकदा एक बैल मधल्या गाळ्यात शिरला आणि पलीकडं निघालाच नाही. बाबा त्याच्या मागं गेला आणि तुमच्याकडं निघाला. तीच पुलिया, तेच शिवार, पण बांधावर ट्रॅक्टरचं चाक उमटलेलं नाही आणि जो भेटेल तो विचारतोय, बैल विकायचा का. दुसऱ्या कुणी धूम ठोकली असती. माझ्या बापानं भाव विचारला.

तिथून आमचा धंदा सुरू झाला. आमच्याकडं फुकटात मिळणारे बैल तो तुमच्याकडं आणून विकायचा. ओढा कोरडा असतानाच जाता यायचं. उजवा गाळा नुसता गाळा होता, इकडून तिकडं. डाव्या गाळ्यातून मी एकदा डोकावले होते. तिथं आसेगावच नव्हतं, नजर जाईल तिथवर पाणी होतं आणि पाण्यातून लिंबांचे वाळके शेंडे वर आले होते. मधला तुमचा. पण मधल्यातही आत गेलं की अंधारात वाटा फुटल्यासारखं वाटायचं, कान दडपायचे, ओल्या चुन्याचा वास यायचा आणि आपल्याच पायांचा आवाज समोरून ऐकू यायचा. म्हणून बाबा सगळ्यांना एका दोरानं जोडायचा. आधी तो, मग बैल, शेवटी मी, कमरेला दावं बांधून. एक वासरू एकदा सुटं पळालं, ते कुठल्याच बाजूला निघालं नाही.

"दोर सोडू नको," बाबा दर खेपेला सांगायचा. "सोडला तं कुठं निंगशीन ते मले बी नाई मालूम."

गजूच्या जागी बाबा मला न्यायला लागला होता, आणि खरं सांगते, मला ते आवडायचं. पंधरा-सोळाची मी, गावातल्या पोरी विहिरीवर जात होत्या आणि मी दुसऱ्या जगात जात होते. अंगावर काटा यायचा आणि त्या काट्याचीच चटक लागायची.

त्या दिवशी सकाळी मायनं मला हाक मारून समोर बसवलं आणि माझ्या डोक्याला तेल लावलं. किती महिन्यांनी तिनं मला हात लावला होता. मी मान वळवून तिच्याकडं बघायला गेले तर म्हणाली, "नीट बस व. डोकं हालवू नको." घट्ट वेणी घातली. बाबा बाहेर चांद्या आणि त्याच्या जोडीच्या लाल्याला सोडत होता. चांद्या म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेला, आमच्या गोठ्यात जन्मलेला बैल. त्याला बाबा कधी विकणार नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

पुलियातून निघाल्यावर आम्ही नेहमीसारखं बाजाराकडं वळलो नाही. बाबा सरळ तुमच्या आसेगावात, आमच्या घराच्या जागी असलेल्या घरात शिरला. दारात जो माणूस उभा होता तो माझा बाप होता. तीच मिशी, तोच खोकला, तसाच दुपट्टा. त्याचं आणि बाबाचं हे आधी कधीतरी बोलणं झालेलं असणार, कारण दोघांपैकी एकही दचकला नाही. त्या घरात बाई नव्हती. तिकडची माय धाकट्याच्या बाळंतपणातच गेली होती, आणि पोरगी त्यांना कधी झालीच नव्हती. तीन पोरं मात्र होती. त्यातला धाकटा गोठ्याच्या दाराशी कडबा तोडत होता. तो गजू होता.

मी त्याचं नाव घेऊन किंचाळले. तो घाबरून बापाच्या मागं गेला. "बाबा, हे पोरगी कोन हाय? मायं नाव काहून घेऊन राह्यली?"

मी बाबाचा हात ओढला. "बाबा, आपुन गजूले घरी नेऊन राह्यलो काय?"

"हो."

"मायले मालूम हाय?"

"मालूम हाय."

आयुष्यात मी इतकी खूश पुन्हा झाले नाही. मला सगळं कळलं असं वाटलं: तेल, वेणी, चांद्या. गजूसाठी बाबा आपली सगळ्यात चांगली जोडी द्यायला निघाला होता, आणि मला ते बरोबरच वाटलं. दोघं लिंबाखाली समोरासमोर बसले. हातांवर दुपट्टा पडला.

"भाकरी थापते काय पोरगी?" तिकडच्या बापानं उगाच विचारल्यासारखं विचारलं.

"थापते. ढोराचं बी सारं पायते."

"रागाची दिसते."

"मायवर गेली."

"मंग तं भारीच हाय बापा," तो म्हणाला, आणि दोघं एकाच आवाजात हसले आणि एकाच वेळी खोकले. मीही हसले. गंमत होती ती. एकच माणूस स्वतःशी भाव करत होता, एकाला दुसऱ्याचं मन पाठ होतं. बाबाचं कोपर मागं आलं. समोरचंही मागं गेलं. बराच वेळ कुणी हललं नाही. मग बाबाचं कोपर सावकाश पुढं गेलं. त्यानं वाढवून दिलं होतं. दोघांचे हात सैल झाले.

मग बाबा उठून माझ्याकडं आला आणि माझ्या कमरेचं दावं सोडू लागला. गाठ घट्ट बसली होती, त्याला वेळ लागला. दावं सोडवून त्यानं त्याचे वेढे घातले आणि खांद्यावर टाकलं. पिशवीतून नवं दावं काढलं आणि ते गजूच्या कमरेला बांधलं.

तुमच्यापैकी ज्यांनी ढोरं विकलीत त्यांना सांगायला नको, इतरांना सांगते. आमच्यात जनावर विकतात, दावं विकत नाहीत. घेणारा आपलं नवं दावं घेऊन येतो. विकणारा जुनं सोडतो, खांद्यावर टाकतो आणि घरी नेऊन गोठ्यात अडकवतो, म्हणजे गोठ्याची बरकत जात नाही. दलालाच्या पोरीला हे अक्षरांच्या आधी कळतं.

"बाबा, दावं?"

"बैलं पाजून येतो. इथंच थांब."

बैल त्या घरच्या टाक्यावर उभे राहून केव्हाचे पाणी पीत होते.

बाबा गजूला घेऊन पुलियाकडं निघाला आणि मी मागं धावले, तेव्हा तिकडच्या बापानं माझा दंड धरला. जोरात नाही धरला, हे मान्य करायला हवं. "पळू नको पोरी. तुयापाशी दोर नाई." मी त्याच्या मनगटाला चावले. तो ओरडला नाही, फक्त थोरल्या पोराला म्हणाला, "पाय, म्हटलं होतं ना, रागाची हाय."

त्या घरात मी भाकरी थापल्या. बाप आणि दोन पोरं. खायचे मात्र बैलासारखे. मारलं नाही मला कुणी. थोरला तर सुरुवातीला माझ्या हाताखाली पाणी धरायचा. पण कुणी मला नावानं हाक मारत नसे, कारण त्या घरात ते नाव कधी नव्हतंच. "पोरी" म्हणायचे, आणि नंतर नुसतं "ऐकलं काय". दुपारी सगळे शेतात गेले की मी पुलियापाशी जायची. एकदा दोर नसताना आत शिरले, हात भिंतीला लावून, दात चावून. निघाले ती त्या पाण्यात. गळ्यापर्यंत. वाळक्या लिंबाच्या शेंड्याला धरून मी दिवस कलेपर्यंत लटकून होते आणि वारा सोडून कुठलाही आवाज नव्हता, पाखरूसुद्धा नाही. परत कशी आले ते मला आजही सांगता येत नाही. कपडे वाळवून संध्याकाळी भाकरी थापल्या.

मग मला चांद्या सुचला, त्याच घरच्या गोठ्यात बांधलेला. बाजाराच्या पोरीला हे आधी सुचायला हवं होतं. जिथं जन्मला तो गोठा बैल विसरत नाही. विकलेला बैल रात्रभर चालून जुन्या मालकाच्या दारात उभा राहिल्याच्या गोष्टी आमच्याकडं घरोघरी आहेत. ओढा आटला तेव्हा एका दुपारी मी चांद्याला मधल्या गाळ्यात सोडलं आणि त्याची शेपटी दोन्ही हातांनी धरली. आत वाटा फुटल्या. त्यानं एकदाही मान वळवली नाही.

आमच्या घराशी आले तर भाकरीचा आवाज येत होता. पहिल्यासारखा. मऊ, मग पसरट, मध्ये न थांबता. मी दारात उभी राहिले. माय चुलीपाशी, गजू ताट घेऊन बसलेला.

"माय."

तिनं वर पाहिलं. हातातली भाकर तव्यावर टाकली आणि मग म्हणाली, "कोनं आणलं तुले?"

"चांद्यानं."

बाबा गोठ्यातून आला. त्यानं आधी बैलाकडं पाहिलं. "ह्याले काहून आणलं? हा आता आपला नाई."

"अन् मी?"

त्यानं चांद्याच्या पाठीवरची धूळ झटकली. मी म्हणाले, "बाबा, बैलं तू कितीले देल्ले?"

"देल्ले."

"कितीले?"

"वरून देल्ले."

"कायवर वरून?"

माय भाकर उलटत म्हणाली, "तुयावर."

मग बाबा बोलला, बाजारातल्या आवाजात, गिऱ्हाईकाला समजावतात तसा. "पोरासंग पोरगी बरोबर नाई उतरत, बाई. वरून द्याच लागते. थो दोन जोड्या मांगून राह्यला होता. म्या एकीवर आणलं."

त्याला वाटत होतं की त्यानं माझ्यासाठी भांडून काही मिळवलं. इतकी वर्षं मी हे वाक्य उलटंपालटं करून पाहते आहे. तो चांगला दलाल होता, आणि त्याला माझी किंमत एका जोडीनं वाढवता आली होती.

"मी नाई जात," मी म्हणाले.

"तं मंग त्याले धाडा लागते. सौदा मोडला तं ज्याचा माल त्याले."

गजूचा घास ताटातच थांबला. त्यानं आमच्यापैकी कुणाकडं पाहिलं नाही, ठेच्याकडं पाहत राहिला. मायचा पिठाचा हात त्याच्या पाठीवर गेला. शर्टावर पाच बोटं उमटली.

"माय, तू सांग."

तिनं भिंतीला टेकवलेलं दुसरं ताट काढलं, त्यात गरम भाकर ठेवली, भाजी वाढली, वर कच्चं तेल सोडलं.

"जेवून जाय," ती म्हणाली.

मी जेवले. माझी सून म्हणते, "मी असते तर ताट भिरकावलं असतं." ती असती तर उपाशी गेली असती, एवढंच. मी दोन भाकरी खाल्ल्या, हात धुतला आणि बाबासमोर उकिडवी बसले. माझी ओढणी त्याच्या हातावर टाकली.

"हे काय?"

"हात दे. मी आपल्या पायानं जाऊन राह्यली. त्याचं वरून पाह्यजे मले."

त्यानं कोंबडीवर सुरुवात केली. मी मायची गाभण बकरी मागितली. त्याचं कोपर मागं आलं. मी बोटं सोडली नाहीत. त्याचा हात घामानं ओला होता. मी ते लिहून ठेवते आहे, अर्थ तुम्हाला लावायचा तो लावा. शेवटी त्याचा हात सैल झाला. तुमच्या मंगरूळपीरच्या बाजारात माझा जो काही दरारा होता तो त्या एका बकरीच्या पोटातून निघाला. सासरच्यांनी दिला नाही, तिकडच्या बापानं दिला नाही आणि इकडच्यानं राजीखुशीनं दिला नाही.

पुलियापर्यंत बकरी ओढत कोण आलं, तर गजू. बाबानं धाडलं की आपण होऊन आला, मी विचारलं नाही. चांद्या गाळ्याच्या तोंडाशी अडून उभा होता, तिकडच्या गोठ्याची वाट आता त्याला ठाऊक होती, पण घर सोडून उलट जायचं नव्हतं. मी त्याला हाकत होते आणि गजू पायानं खडे उडवत होता. माझ्या मेलेल्या गजूलाही तीच खोड होती.

"तिकडं बाबा मायी आठवण काढते काय?" त्यानं विचारलं.

"नाई."

"दादा?"

"दादानं तुयी गोधडी घेतली."

त्यानं मान हलवली, जणू त्याचा अंदाज बरोबर निघाला. मग मीही विचारलं. विचारायचं नाही असं ठरवलं होतं. "माय काढते काय मायी?"

"रोज," तो म्हणाला.

मला समोरच्याचं खोटं लगेच कळतं. मान थोडी खाली जाते, शब्द जरा लवकर बाहेर पडतो. त्याचा फार लवकर पडला होता. दुसऱ्या कुणाला मी तिथंच धरलं असतं, सोलून काढलं असतं. त्याचं ते एक खोटं मी भाव न करता घेतलं. मग चांद्याच्या पाठीवर काठी हाणली, एका हातात त्याची शेपटी आणि दुसऱ्यात बकरीचं दावं धरलं आणि आत गेले.